अपूर्णांकाचे दशांश रूप खंडित की अखंड आवर्ती? भागाकार न करता ओळखायची रीत

३९/१२० आणि ७/१२ हे दोन अपूर्णांक शेजारी लिहा. दोन्ही छेदांत ३ हा अवयव आहे. तरी ३९/१२० चे दशांश रूप ०.३२५ वर संपते आणि ७/१२ चे ०.५८३३३… असे चालूच राहते. छेदात ३ दिसला की ‘अखंड आवर्ती’ लिहून मोकळे होणाऱ्यांचे गुण इथेच जातात. नियम त्यांना पाठ असतो. पण तो नियम कोणत्या छेदाला लावायचा, हे सुटलेले असते.

नववीच्या ‘वास्तव संख्या’ या प्रकरणातले शब्दच इथे वापरले आहेत. भागाकार संपत असेल तर खंडित दशांश. संपत नसेल आणि ठरावीक अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत असेल तर अखंड आवर्ती दशांश. पुस्तकात आवर्ती गटाच्या डोक्यावर आडवी रेघ असते, इथे तो गट कंसात दिला आहे. म्हणजे ०.५८(३) याचा अर्थ ०.५८३३३…

नियम असा: अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आणल्यावर छेदाच्या मूळ अवयवांत २ आणि ५ यांखेरीज दुसरे काहीही नसेल, तर आणि तरच दशांश रूप खंडित असते.

हे २ आणि ५ आले कुठून?

०.३२५ म्हणजे ३२५/१०००. दशांशचिन्हापुढे किती का अंक असेनात, ते संपत असतील तर ती संख्या १०, १००, १००० अशा छेदावर बसते. दहाचे मूळ अवयव २ आणि ५, त्यामुळे १०० मध्ये दोन वेळा २ आणि दोन वेळा ५, १००० मध्ये तीन-तीन वेळा. अशा अपूर्णांकाला कितीही संक्षेप दिला तरी छेदातले २ आणि ५ कमी होतील, नवा ३ किंवा ७ आत येणार नाही. उलट बाजूनेही तसेच. छेदात फक्त २ आणि ५ असतील, तर जो कमी वेळा आला आहे त्याची भर घालून दोघांची संख्या सारखी करता येते, आणि छेद १०, १००, १००० यांपैकी काहीतरी होतो. छेदात ३ उरला असेल तर त्याला कशानेही गुणा, १००० होणार नाही, कारण १००० ला ३ ने भाग जातच नाही.

एवढे समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

पहिली पायरी: संक्षेप, आणि तोही शेवटपर्यंत

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ३९/१२० मध्ये दोन्हींना ३ ने भाग जातो, उरतात १३/४०. आता छेद ४० म्हणजे २×२×२×५, म्हणून खंडित.

२, ३, ५ यांच्या कसोट्या सगळ्यांना येतात. फसवतात ते ७, ११, १३, १७ आणि १९. ९१/२६० पाहिल्यावर संक्षेप होत नाही असेच वाटते, पण ९१ = ७×१३ आणि २६० = २×२×५×१३. तेरा गेले की ७/२०, म्हणजे ०.३५. तसेच ५१/८५ (१७ ने भागा) आणि ५७/९५ (१९ ने भागा): दोन्हींचे उत्तर ३/५, म्हणजे ०.६.

मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्यात वेळ घालवू नका. मसावि भागाकाराच्या रीतीने काढा: मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, मग त्या भाजकाला बाकीने भागा, असे बाकी शून्य येईपर्यंत. ४०७/१४८० घ्या. १४८० ला ४०७ ने भागल्यावर बाकी २५९. ४०७ ला २५९ ने भागून १४८. पुढे १११, मग ३७, आणि १११ ला ३७ ने पूर्ण भाग जातो. मसावि ३७. म्हणून ४०७/१४८० = ११/४० = ०.२७५. चार-पाच ओळींत काम होते. १४८० च्या अवयवांत ३७ पाहून घाईने ‘आवर्ती’ लिहिले असते, तर उत्तर चुकले असते.

नियम पूर्णांक भागिले पूर्णांक यालाच लागू आहे. ०.६/१.५ असे काही दिले असेल, तर आधी दोन्हींना १० ने गुणून ६/१५ करा, मग २/५. पूर्णांकयुक्त अपूर्णांकात फक्त अपूर्ण भागाकडे पाहिले तरी चालते.

दुसरी पायरी: छेदातून २ आणि ५ काढून टाका

छेदाचे सगळे मूळ अवयव पाडायची गरज नाही. जमेल तेवढे वेळा २ ने भागा, मग जमेल तेवढे वेळा ५ ने. शेवटी १ उरला तर खंडित, दुसरे काहीही उरले तर अखंड आवर्ती. उरलेली संख्या मूळ आहे की नाही, याने निकाल बदलत नाही.

छेद ६४० असेल तर २ ने भागत ३२०, १६०, ८०, ४०, २०, १०, ५, आणि मग ५ ने भागून १. खंडित. छेद १८७५ असेल तर शेवटी ५ दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका: ३७५, ७५, १५, ३. तीन उरले, म्हणून आवर्ती. छेदाच्या शेवटी शून्य किंवा ५ असणे हा पुरावा नव्हे. ३०, ३५, ७० हे सगळे त्याच वेशातले.

भागताना २ किती वेळा गेला आणि ५ किती वेळा, हे बाजूला लिहून ठेवा. पुढच्या पायरीला ते लागते.

खंडित असेल तर किती अंकांवर?

२ किती वेळा आला आणि ५ किती वेळा, यांतली मोठी संख्या म्हणजे दशांशचिन्हापुढचे अंक. बेरीज नाही, मोठी संख्या. ७/८० मध्ये २ चार वेळा आणि ५ एकदा, म्हणून चार अंक. पाचाची तीन वेळा कमतरता आहे, म्हणून अंश-छेदाला १२५ ने गुणा: ८७५/१००००. उत्तर ०.०८७५. इथे ०.८७५ लिहिण्याची चूक वारंवार होते. चार अंक हवेत हे आधी ठरलेले असेल, तर पुढचे शून्य विसरले जात नाही.

३/१६० मध्ये २ पाच वेळा, ५ एकदा. ६२५ ने गुणून १८७५/१०००००, म्हणजे ०.०१८७५. आणि १३/१२५ ला ८ ने गुणले की १०४/१०००, म्हणजे ०.१०४. लांब भागाकार कुठेच करावा लागला नाही.

आपल्या जुन्या पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी होती. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, औट म्हणजे साडेतीन: सगळ्यांचे छेद २ किंवा ४, म्हणून सगळे दोन अंकांच्या आत संपणारे. रुपयाच्या जुन्या हिशेबात मात्र एक पायरी निराळी होती. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हा एक आणा म्हणजे १/१६ रुपया = ०.०६२५, अर्थात सव्वासहा नवे पैसे. जुना पैसा म्हणजे १/६४ = ०.०१५६२५ रुपया. पण पै म्हणजे १/१९२, आणि १९२ मध्ये सहा वेळा २ निघून गेल्यावर ३ उरतो. म्हणून एक पै दशांशात ०.००५२०८(३) रुपये. आणे आणि पैसे दशांशात पूर्ण बसतात, पै बसत नाही.

आवर्ती असेल तर: अंकांकडे नाही, बाकीकडे पाहा

अखंड दशांश आवर्तीच का होतो, हे १/७ च्या भागाकारात स्पष्ट दिसते. प्रत्येक टप्प्याला बाकीपुढे शून्य घेऊन ७ ने भागायचे:

१० मध्ये १, बाकी ३
३० मध्ये ४, बाकी २
२० मध्ये २, बाकी ६
६० मध्ये ८, बाकी ४
४० मध्ये ५, बाकी ५
५० मध्ये ७, बाकी १

बाकी १ आली, म्हणजे आपण सुरुवातीच्या जागी परतलो. पुढे तेच अंक त्याच क्रमाने येणार: ०.(१४२८५७). सातने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच एक असू शकते, त्यामुळे सहा टप्प्यांच्या आत कुठलीतरी बाकी पुन्हा येणे अटळ आहे. कोणताही छेद असो, आवर्ती गट छेदापेक्षा किमान एकाने लहानच असतो.

गट संपला हे ठरवायचे ते बाकी परत आल्यावर, अंक परत आल्यावर नाही. १/४४ करून पाहा. १० मध्ये ०, बाकी १०. १०० मध्ये २, बाकी १२. १२० मध्ये २, बाकी ३२. ३२० मध्ये ७, बाकी १२. लागोपाठ दोनदा २ आल्यावर ‘२ आवर्ती’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण त्या दोन टप्प्यांच्या बाक्या १२ आणि ३२ अशा वेगळ्या आहेत. १२ ही बाकी पुन्हा आली ती ७ नंतर. म्हणून गट २७ चा, आणि उत्तर ०.०२(२७). भागाकार करताना प्रत्येक बाकीभोवती गोल करा. ही सवय लावली की रेघ कुठून कुठपर्यंत ओढायची याचा घोळ राहत नाही. याच उदाहरणातला पहिला ० गाळून ०.२(२७) लिहिणे, ही दुसरी नेहमीची चूक.

आधी न फिरणारे अंक किती आणि गट केवढा?

हेही छेदावरून आधीच सांगता येते. छेदातून २ आणि ५ काढताना जी मोठी संख्या आली, तेवढे अंक सुरुवातीला न फिरणारे. ४४ = २×२×११, म्हणून दोन अंक (०२), मग गट. १२ = २×२×३, म्हणून ७/१२ मध्ये ५८ हे दोन अंक आणि मग ३. ५/२४ मध्ये २ तीन वेळा, म्हणून ०.२०८(३). छेदात २ किंवा ५ नसेलच, तर गट दशांशचिन्हाला लागूनच सुरू होतो.

(सातबाऱ्यावरचे ७/१२ हा अपूर्णांक नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र, म्हणून ते नाव.)

गटाची लांबी उरलेल्या संख्येवर ठरते. ९, ९९, ९९९, ९९९९… यांपैकी सर्वांत लहान कोणत्या संख्येला तिने पूर्ण भाग जातो, ते पाहा. त्यात जितके नऊ, तितक्या अंकांचा गट. ३ आणि ९ उरल्यास १ अंक. ११ आणि ३३ ला २. २७ आणि ३७ ला ३, कारण २७×३७ = ९९९. १०१ ला ४, ४१ ला ५. ७, १३, २१, ३९, ७७, ९१ या सगळ्यांना ६. पुढे लांबी एकदम वाढते: १७ ला १६, १९ ला १८, २३ ला २२ अंक. उरलेली संख्या दोन वेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर त्यांच्या गटलांब्यांचा लसावि घ्या: ७ ला ६, ११ ला २, म्हणून ७७ ला ६. एकच मूळ संख्या दोनदा आली तर ही युक्ती चालत नाही. ४९ चा गट ४२ अंकांचा आहे, आणि ९ चा मात्र ३ सारखाच एका अंकाचा.

अतिसंक्षिप्त रूपात असेल तर अंश बदलल्याने लांबी बदलत नाही. २/७ = ०.(२८५७१४), ३/७ = ०.(४२८५७१): तेच सहा अंक वेगळ्या जागेवरून सुरू झालेले. १३ च्या बाबतीत मात्र दोन वेगळी चक्रे आहेत: १/१३ = ०.(०७६९२३) आणि २/१३ = ०.(१५३८४६). ताळ्यासाठी एक सोय: छेद ३ किंवा त्याहून मोठी मूळ संख्या असेल आणि गटातल्या अंकांची संख्या सम असेल, तर गटाच्या दोन अर्ध्या भागांची बेरीज नऊ-नऊच येते. १४२ + ८५७ = ९९९, ०७६ + ९२३ = ९९९, १५३ + ८४६ = ९९९. भागाकारात एखादा अंक चुकला असेल तर बहुधा इथे सापडतो. १४२८५७ ही कापरेकर संख्याही आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांचे नाव अशा संख्यांना मिळाले आहे.

पडद्यावर विसंबू नका

आठ अंकी कॅल्क्युलेटरवर १ ÷ १०२४ केले की ०.०००९७६५ एवढेच दिसते. वाटते, पुढे चालूच असेल. पण १०२४ म्हणजे दहा वेळा २, म्हणून दहा अंकांवर संपणारच: ०.०००९७६५६२५. याच्या उलट एक्सेलमध्ये १/१७ करून दशांशस्थळे वाढवत न्या. ०.०५८८२३५२९४११७६४७ आणि त्यापुढे शून्येच शून्ये. एक्सेल १५ सार्थ अंकच दाखवते, आणि १७ चा सोळा अंकी गट ० ने सुरू होत असल्याने तो नेमका तिथेच पुरा होतो. पाहणाऱ्याला तो दशांश संपल्यासारखा दिसतो. २/३ च्या शेवटी दिसणारा ७ हाही जवळच्या अंकापर्यंत केलेल्या पूर्णांकनाचा आहे, दशांशाचा अंक नव्हे.

साध्या कॅल्क्युलेटरवरही लांब गट काढता येतो. पाच-पाच अंकांचे तुकडे करा. १०००००/१७ चा पूर्ण भाग ५८८२, म्हणून पहिला तुकडा ०५८८२ (पाच अंक पुरे करायला पुढे ० लावायचे). ५८८२×१७ = ९९९९४, बाकी ६. आता ६०००००/१७ मधून ३५२९४, बाकी २. मग २०००००/१७ मधून ११७६४, बाकी १२. मग १२०००००/१७ मधून ७०५८८. जोडून लिहा: ०५८८२ ३५२९४ ११७६४ ७०५८८. सतराव्या अंकापासून ०५८८ पुन्हा सुरू झालेले दिसतात.

आणि २२/७ ला π म्हणू नका. २२/७ = ३.(१४२८५७), आवर्ती आणि परिमेय. ३.१४ खंडित, तीही परिमेय. π अपरिमेय आहे, त्याचे दशांश रूप अखंड आणि अनावर्ती असते.

उत्तर उलटे तपासा

०.५८(३) खरेच ७/१२ आहे का? क्ष = ०.५८३३३… धरा. न फिरणारे अंक दोन, म्हणून १००क्ष = ५८.३३३… गट एका अंकाचा, म्हणून १०००क्ष = ५८३.३३३… वजा केल्यावर शेपटी जाते: ९००क्ष = ५२५. क्ष = ५२५/९००, ७५ ने भागून ७/१२. वजाबाकीपूर्वी दोन्हींच्या शेपट्या हुबेहूब सारख्या आहेत ना, ते पाहा. थेट १०क्ष मधून क्ष वजा केला तर ९क्ष = ५.२५ येते. उत्तर तेच निघते, पण अंशात दशांश राहतो आणि तिथे गडबड होते.

रोजच्या मापांत

एकराचे ४० गुंठे, आणि ४० = २×२×२×५, म्हणून कितीही पूर्ण गुंठे असोत, एकरात तीन दशांशांत बसतातच. १७ गुंठे = ०.४२५ एकर. म्हणजे २ एकर १७ गुंठे हे २.१७ एकर नव्हे, २.४२५ एकर. पण तेच दोन एकर तीन भावंडांत वाटायचे झाले तर प्रत्येकी २६.(६) गुंठे. गुंठ्याचे १६ आणे केले तरी १०.(६) आणे. छेदातला ३ कितीही लहान माप घेतले तरी जात नाही, म्हणून मोजणीत कुठेतरी पूर्णांकन करावेच लागते. ते कोणाच्या वाट्यात केले, हे कागदावर लिहून ठेवलेले बरे.

तासाची ६० मिनिटे, आणि ६० मध्ये एक ३ आहे. म्हणून ३ ने भाग जाणारी मिनिटेच तासात खंडित होतात: ९ मिनिटे ०.१५ तास, २१ मिनिटे ०.३५ तास. १० मिनिटे ०.१(६), २० मिनिटे ०.(३). तासाच्या दराने मजुरी काढताना १ तास २० मिनिटांचे १.३३ करण्याऐवजी ४/३ ठेवून गुणा, आणि पूर्णांकन शेवटी एकदाच करा. ४५० रुपये दराने १.३३ घेतले तर ५९८.५० येतात, ४/३ घेतले तर पूर्ण ६००.

हा सगळा नियम दहाच्या पद्धतीचा आहे. संगणक दोनाच्या पद्धतीत मोजतो, आणि तिथे फक्त २ चालतो, ५ नाही. त्यामुळे आपला साधा १/१० संगणकात आवर्ती होतो आणि कुठेतरी तोडावा लागतो. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते ती याचमुळे. पैशांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहीत असाल तर रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवा: १२.१० रुपये नव्हे, १२१० पैसे.